पिनमधली तिसरी तार

अच्युत, तू गेल्यानंतर अठरा दिवस मी एक साधा प्रश्न विचारायला घाबरत होतो. तुझ्या ॲम्प्लिफायरच्या पिनमध्ये अर्थिंगची तार जोडलेली आहे की काढलेली, एवढाच तो प्रश्न. कुसुमवहिनींना फोन करून अर्ध्या मिनिटात विचारता आला असता. दहाव्याला विचारता आला असता. तेराव्याला तर मी तुमच्या बैठकीत त्या सेटपासून चार हातांवर पंगतीला बसलो होतो. मी जेवलो आणि गेवराईला परत आलो.

भीतीची कारणं दोन होती. ती तार काढायचा सल्ला माझा होता, आणि तू त्याच सेटसमोर, खुर्चीत बसल्या बसल्या गेलास, हे पहिलं. दुसरं असं की तेराव्याला वहिनी कुणाला तरी सांगत होत्या, मी रोज दिवेलागणीला त्यांचा सेट लावते. पहिल्याबद्दल आता काही करण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याबद्दल होतं. पण दुसऱ्याची चौकशी केली की पहिलं उघडं पडणार होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

लोकांना प्रश्न विचारण्यावर मी तीस वर्षं पोट भरलं आहे. तुझी-माझी ओळखसुद्धा मी न विचारलेल्या एका प्रश्नातूनच झाली. कारखान्याची वार्षिक सभा होती, मंडप भरलेला होता, माइकची व्यवस्था तुझ्याकडे होती. एक सभासद उसाच्या वजनकाट्याबद्दल बोलायला उठला आणि तिसऱ्याच वाक्याला त्याचा माइक मेला. मी बातमीत लिहिलं, 'ध्वनिक्षेपकात बिघाड झाल्याने सभेत काही काळ गोंधळ.' दुसऱ्या दिवशी तू मला एसटी स्टँडवर गाठलंस.

"बिघाड कावून लिव्हलंस बे? बिघाड न्हवता, बटन व्हतं. अन् बटनावर बोट माझं व्हतं."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

"तू इचारलं व्हतं का?"

ते छापायचं की नाही, यावर आपण पुढे कित्येक वर्षं भांडलो. तू म्हणायचास, छाप. मी म्हणायचो, तुझी नोकरी जाईल. तू म्हणायचास, माझ्या नोकरीची काळजी मी करीन, तू तुझ्या पेपरची कर. ते कधीच छापलं गेलं नाही. तू निवृत्त झाल्यावरही नाही.

सेटची सुरुवात कारखाना बंद राहिला त्या वर्षी झाली. पाऊस नव्हता म्हणून ऊस नव्हता, ऊस नव्हता म्हणून गाळप नव्हतं, आणि तुमच्या इलेक्ट्रिकल विभागातले सगळे लोक घरी बसून होते. मी रोज मोटारसायकलवर टँकर आणि चारा छावण्या मोजत हिंडत होतो. उमापूरला तुझ्याकडे चहाला थांबलो, तर तू अंगणात लोखंडी पाइप कापत बसला होतास.

"काय चाललंय?"

"स्पीकरचे पाय. मधी वाळू भरायची. पाय जड असले की आवाज हालत न्हाई."

"वाळू कुठून आणणार?"

"गोदावरीतून. दोन घमेली. तलाठ्यानं धरलं तर तू साक्षीला ये. सांग, स्पीकरच्या पायात भरायला नेतोय म्हनून. लई हसंल त्यो, पर सोडंल."

ॲम्प्लिफायर तू औरंगाबादच्या जुन्या बाजारातून उचलला होतास, बंद पडलेला. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळालेला होता. तो तू परळीला नेऊन स्टेशनजवळच्या एका मोटार वाइंडिंगवाल्याकडून नव्यानं गुंडाळून आणलास. खोकी गावातल्या सुतारानं केली. पहिली दोन त्यानं धान्याच्या कणगीसारखी खालून उघडी ठेवली, कारण बंद पेटीतून आवाज बाहेर येईल यावर त्याचा विश्वास नव्हता. तू ती परत करायला लावलीस. लोखंडी डब्यातला ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, दोन खोकी आणि वाळूचे चार पाय, एवढं जमवायला तुला चौदा महिने लागले.

मग मला बोलावलंस. मला संगीतातलं फारसं कळत नाही, हे तुला माहीत होतं. तुला माझे कान हवे होते. कारखान्यात मिलशेजारी तीस वर्षं काढून तुझे कान बसले होते. झांज, घुंगरू, तबल्याच्या किनारीवरचा टणत्कार यातलं तुला काही ऐकू येत नसे. तू जमिनीवर चुन्याची खूण केलीस, तिथं खुर्ची ठेवलीस आणि मला बसवलंस. तू मागं वाकून एक स्क्रू फिरवायचास आणि विचारायचास, "आता?" मी सांगायचो. तू वहीत लिहायचास. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुझा नियम होता. दोन बदलल्या तर कशामुळं सुधारलं ते कधीच कळत नाही, असं तू म्हणायचास. त्यानंतर जवळपास प्रत्येक रविवारी मी त्या खुणेवर बसलो. उमापुरात लोक मला तुझा तपासनीस म्हणत.

खोलीच्या कोपऱ्यांत ढोलकीचा आवाज साचतो, असं तुझ्या लक्षात आलं, तेव्हा तू तिथं कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्यास, पोत्यात गुंडाळून. आवाज खरंच स्वच्छ झाला. पण दुष्काळ अजून हटला नव्हता, ते छावणीचे दिवस होते. आठवडाभरानं मी आलो तर कोपरे रिकामे आणि वहिनी शांतपणे भाकरी थापत होत्या.

"कुठं गेला कडबा?" मी विचारलं.

"तुमच्या मित्राचा बास म्हशीनं खाल्ला," वहिनी म्हणाल्या. "तिला इचारा कसा लागला."

तू हसला नाहीस. दोन रविवार तू मला त्याच कोपऱ्यांतला साचलेला आवाज ऐकवलास आणि दोन्ही वेळा वहिनींच्या समोर. तिसऱ्या रविवारी जुन्या वाकळी आल्या. वहिनींनीच त्या धुऊन, वाळवून टांगल्या होत्या.

हे मी आता सांगतो आहे, कारण पुढचं सांगायला जड जातं.

यंदा पुन्हा तसंच वर्ष आलं. फेब्रुवारीतच विहिरी आटल्या आणि सेटमध्ये हमिंग सुरू झालं. रेकॉर्ड लावायच्या आधी, दोन गाण्यांच्या मध्ये, आवाज बारीक केला तरी, खोलीत एक सलग घुमणं. तू सुरुवातीला थट्टा केलीस. म्हणालास, लाईटवाल्यांनी तंबोरा फुकट दिलाय, त्यांचा सा धरून गा. मग तू कामाला लागलास. वायरी बदलल्यास, प्लेअर दुसऱ्या भिंतीला नेलास, कंडेन्सर बदललेस, एका वेळी एक. चौथ्या रविवारी तू मला घराच्या मागे नेलंस आणि अर्थिंगचा खड्डा दाखवलास. तो तू स्वतः खणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं होतंस. माती भेगाळली होती. घरातल्या फ्रिजची, कूलरची, मोटारीची थोडीफार वीज गळते, ती इथून जमिनीत जाते, तू सांगितलंस; खड्डा कोरडा पडला की जमीन ती घेत नाही, मग ती तारेतून उलटी फिरून ॲम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीत येते. उपाय सोपा होता. रोज बादलीभर पाणी.

त्या वेळी गावात टँकर चार दिवसांआड येत होता. पुढच्या रविवारी मी सकाळीच बातमीसाठी चकलांब्याला हंड्यांच्या रांगेत उभं राहून आलो होतो. तुला ती बादली खड्ड्यात ओतताना पाहिलं आणि म्हणालो, "अच्युत, मी आठवडाभर पाण्याची बातमी लिहितो आणि तू पाणी जमिनीत घालतोस. गाणं ऐकायला."

"भांडे घासलेलं पानी हाय हे. आदी आंगूळ झाली, मग कापडं, मग भांडे. चौथा हात हाय खड्ड्याचा."

"लोकांना फक्त बादली दिसते. कितवा हात ते दिसत नाही."

तू बादली खाली ठेवलीस. मी चूक बोललो होतो असं मला आजही पूर्ण वाटत नाही आणि बरोबर बोललो होतो असंही वाटत नाही. तू त्यानंतर माझ्यासमोर खड्ड्यात पाणी ओतलं नाहीस. हमिंग वाढलं. आणि खुणेवर बसून ते सहन न होणारा माणूस मी होतो, तू नव्हेस. तेव्हा मीच म्हणालो, "मग ती तारच काढून टाक. पिनमधली तिसरी. शहरात एका दुकानदारानं मला सांगितलंय, तिकडे सर्रास काढतात."

तू माझ्याकडे पाहिलंस. "काडली की हमिंग जाईल. पर पेटीत कदी करंट उतरला तर त्याला जायला वाट ऱ्हात न्हाई. मग जो हात लावंल, त्याच्यातून जातो."

"उतरतो का असा?"

"ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेला हाय. उनाळा हाय. धूळ हाय. उतरनार न्हाई असं कुनी सांगावं?"

"जरा काढून तर बघ."

तू पिन उपसून स्क्रू सैल केलास, हिरवी तार बाजूला केलीस आणि पिन परत बसवलीस. खोली एकदम शांत झाली. ती शांतता मला इतकी आवडली की मी टाळी वाजवली. तुझा हात अजून पिनवर होता आणि तू हसत नव्हतास, हे मला तेव्हा दिसलं होतं. नंतरच्या रविवारी एकदा तू विषय काढलास, "ती तार..." म्हणून. मी म्हणालो, राहू दे, आता कुठं नीट ऐकू येतंय. सेट त्यानंतर दर रविवारी शांत होता. मी धरून चाललो की तार कायमची काढली आहे.

त्या रविवारी सकाळी मी फोन केला होता, चारला येतो म्हणून. एका छावणीत गुरं दगावल्याचं कळलं, तिकडे गेलो आणि उशीर झाला. पाऊण तास. पोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि तुला जीपमधून गेवराईला नेलेलं होतं. त्या खोलीत मी दोन मिनिटं उभा होतो. सेटचा लाल दिवा चालू होता की बंद, प्लेअर फिरत होता की थांबलेला, तुझी खुर्ची पेटीपासून किती लांब होती, हे सगळं पाहणं हा माझा धंदा आहे. मी पाहिलं नाही. पाहायचं नाही म्हणूनच पाहिलं नसावं. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका लिहिला. कुणाला शंका नव्हती, म्हणून शवविच्छेदन झालं नाही. शंका एकालाच होती आणि तो बोलला नाही.

घरी आल्यावर मी फ्रिजला रबरी चपला घालून हात लावू लागलो. विजेच्या धक्क्यानं मृत्यू, ही बातमी मी किती वेळा लिहिली याची मोजदाद नाही. ती चार ओळींची असते. नाव, वय, गाव, कशाला हात लागला, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद. तेराव्यानंतर ती बातमी माझ्या डोक्यात आपोआप जुळू लागली. दात घासताना, एसटीत, संपादकांशी फोनवर बोलताना. त्यात नाव वहिनींचं असायचं. वय मला नेमकं माहीत नव्हतं, म्हणून तिथं जागा मोकळी राहायची. संध्याकाळचे साडेसहा वाजले की मी फोन समोर घेऊन बसायचो. आठपर्यंत उमापूरहून काही आलं नाही की त्या दिवसापुरता सुटायचो. असे पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी दुपारीच मोटारसायकल काढली.

वहिनी ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मुलगी जालन्याला घेऊन जायला आली होती, तिला त्यांनी दोन दिवसांपूर्वी परत पाठवलं होतं.

"या भाऊजी. इतक्या उन्हाचं कावून आले?"

त्यांनी पाणी दिलं, पेला अर्धा भरून, हल्ली सगळे देतात तसं. मी म्हणालो, "वहिनी, सेटची पिन बघायची होती. तिच्यातली एक तार..."

"हिरवी? ती काडलेलीच हाय."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. पुढचंही त्यांनीच सांगितलं.

"तुमी यायच्या दिवशी ते काडायचे. तुमी गेले की लावायचे. मला म्हनायचे, त्याला गुणगुण सोसत न्हाई, अन् आपल्याला करंट सोसत न्हाई. लई दिसापासून चाललं व्हतं हे."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. एका रविवारी तुमी येतो म्हनून आलेच न्हाई. दिवसभर पेटीला हात लावू देईनात मला. तुमच्या नावानं बोंबलत व्हते."

म्हणजे आठवड्याचे सहा दिवस तू ते घुमणं ऐकत होतास आणि सातव्या दिवशी माझ्यासाठी जिवावरची शांतता तयार करत होतास. आणि तू त्या पेटीसमोर गेलास तो रविवार होता. मी येणार होतो. मी फोन केला होता.

मी वहिनींना सगळं सांगितलं. क्रमानं. बादलीवरून बोललो ते, दुकानदाराचं ते, टाळी वाजवली ते, त्या दिवशीचा फोन. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, सुपाकडे बघितलं. त्यांचा हात एकदा थांबला, पुन्हा खडे वेचू लागला.

"सेट चालू होता का वहिनी, तेव्हा?" मी शेवटी विचारलं.

"ठाव न्हाई. लाईट व्हती का गेलती, तेबी ध्यानात न्हाई. मला ते खुर्चीत कलंडलेले दिसले, बाकी काई दिसलं न्हाई."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सकाळपासून घाम येत व्हता त्यांना. डावा हात दुकतो म्हनले. म्या म्हनलं, जीप सांगते. तर म्हनले, आज न्हाई, नवी सुई बसवलीय, त्याला ऐकवायचीय. उद्या जाऊ. म्या ऐकलं त्यांचं. हे म्या पोरीला बी सांगितलं न्हाई, भाऊजी. तिनं इचारलं, आदी काई तरास व्हता का. म्या न्हाई म्हनलं."

त्यांचं ऐकल्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती आणि माझं ऐकल्यावर त्यांची. तसं झालं असं मी लिहू शकत नाही. तुझा नियम एका वेळी एकच गोष्ट बदलायचा. त्या दिवशी दोन बदललेल्या होत्या, काढलेली तार आणि दुखणारा हात, आणि कशामुळं काय झालं ते आता कुणालाही सांगता येणार नाही. तुझं माझ्यावरचं ऋण एवढंच नाही, पण हे कळलं तेव्हा आधी आठवले ते तुझे सहा दिवस. तुझ्या कानांना अर्धंमुर्धं ऐकू यायचं, त्यातही ते घुमणं, आणि तू एकदाही तक्रार केली नाहीस. आभार मानायचे राहिले. माफी मागायचीही राहिली. यातलं कोणतं आधी म्हणायला हवं होतं, ते मला ठरवता येत नाही.

मी पेचकस मागितला. वहिनींनी तुझ्या डब्यातून आणून दिला. बैठकीत जाऊन मी बटण बंद करायला हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "थांबा जरा."

त्यांनी सेट चालू केला. लाल दिवा लागला. मग हाताची उलटी बाजू हळूच पेटीच्या लोखंडावर टेकवली.

"त्यांनी शिकवलंय. आदी उलटा हात लावायचा. सुलटा लावला अन् करंट असला तर मूठ आवळती, सोडत न्हाई." हात तिथंच होता. "रोज लावते म्या. बारीक झिणझिण येती. मुंग्या चालल्यावानी. आदी येत न्हवती. ते गेल्यापासून येती."

"वहिनी, हात काढा."

"लगेच न्हाई काडत म्या."

त्या झिणझिणीचं कारण मला माहीत होतं. ते सांगायची मला पुन्हा भीती वाटली, आणि ही भीती आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळी होती.

"ती गळती आहे," मी म्हणालो. "तार नाही म्हणून पेटीत राहते. तार लावली की जाईल."

"ठाव हाय मला. बायकू हाय मी त्यांची." त्यांनी हात काढला आणि भिंतीवरचं बटण स्वतः बंद केलं. "लावा."

मी पिन उघडली. हिरव्या तारेचं टोक तू नीट पिळून, दुमडून ठेवलं होतंस. ते जागेवर बसवलं आणि स्क्रू आवळला, दोनदा तपासला. मागच्या दारात भांड्यांच्या पाण्याची बादली भरलेली होती. ती नेऊन खड्ड्यात ओतली. जमिनीनं ते पाणी आवाज करत घेतलं. परत आलो तेव्हा वहिनी सेटसमोर उभ्या होत्या. मी बटण चालू केलं. त्यांनी पुन्हा उलटा हात पेटीला लावला.

मी विचारलं, "येते का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या.

हात त्यांनी काढला नाही.